आवाज तुटतो, दोष कोणाचा?

गेल्या पावसाळ्यात चिखलीचे एक ओळखीचे कुटुंब आमच्या घरी आले होते. वडील बाजार समितीत हमाली करतात, आई शाळेत पोषण आहार शिजवते आणि थोरली मुलगी दोन वर्षांपासून एका पतसंस्थेच्या कार्यालयात फोनवर बसते. घरातली टेबल-खुर्चीची ही पहिलीच नोकरी. त्यामुळे चहा पिता पिता आईने जेव्हा सांगितले की पोरगी नोकरी सोडायचे म्हणते, तेव्हा आमच्या हातातला कप तसाच राहिला.

कारण विचारले तर मुलगी खाली पाहू लागली. मग हळूहळू सांगू लागली. कार्यालयात चार महिन्यांपूर्वी जुने लँडलाइन फोन काढून त्या जागी इंटरनेटवर चालणारे दहा नवे फोन बसवले. काळे, छोटा पडदा असलेले, दिसायला देखणे. पण तेव्हापासून ग्राहकांच्या तक्रारी सुरू झाल्या. "ताई, आवाज तुटून राह्यला तुमचा." "मले काईच समजून नाई राह्यलं, पुन्हा सांगा बरं." ठेवीची मुदत, व्याजाचा दर, कर्जाचा हप्ता, सगळे तीन-तीन वेळा सांगावे लागे. लोक वैतागून शाखेत येत आणि साहेबांपुढे बोलत. साहेबांनी तिला दोनदा बोलावून सांगितले, "नीट बोलत जा. तुमचे उच्चार स्पष्ट नाहीत. फोनवर गावाकडची भाषा चालत नाही."

आपल्या वाचकांना या वाक्याची फोड करून सांगायला नको. यंत्र नवे, बिल मोठे, बसवणारा शहरातून आलेला. तेव्हा चूक असेल तर ती बोलणाऱ्या पोरीचीच असणार, असा हा सरळ हिशेब.

आणि दुःख असे की मुलीलाही ते खरे वाटू लागले होते. घरी आरशापुढे उभी राहून ती 'मुदत ठेव, मुदत ठेव' असे घोकत असे. आई म्हणाली, "हिचा आवाज खराब कसा असन हो? रविवारी विहारात वंदना हीच घेते. मांगच्या रांगेतल्या म्हाताऱ्याईलेही आयकू जाते."

फोनच्या तंत्रातले आम्हाला तेव्हा काही कळत नव्हते. पण आमच्या गल्लीत एक स्नेही राहतात. तार-टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि मेकॅनिक होऊन निवृत्त झाले. उभा जन्म खांबावर गेला, पण निवृत्तीनंतरही नवे शिकायचे सोडले नाही. त्यांना बोलावणे धाडले. मेकॅनिककाकांनी आल्या आल्या एकच प्रश्न केला, "पोरी, समोरच्याचा आवाज तुला कसा येतो?"

"एकदम स्वच्छ येतो काका."

"आणि त्यांना तुझा येत नाही?"

"नाही. त्यांनाच तुटक जातो."

काका हसले. म्हणाले, "मग उच्चार सुधारायची घाई करू नको. तुमच्या कार्यालयातून बाहेर जायची वाट अडते आहे, असा मला संशय आहे. तो आपण तपासून पाहू."

त्या संध्याकाळी काकांनी जे समजावले ते आमच्या शब्दांत मांडतो. कारण आपली कितीतरी मुले-मुली आज अशा कार्यालयांत बसतात, कितीतरी मुले अशा कार्यालयांत तारा ओढायची कामे घेतात, आणि उरलेले आपण सगळे तिथे फोन लावून 'हॅलो हॅलो' करणारे आहोत.

जुन्या फोनचा मामला सोपा होता. एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंत तांब्याच्या तारेची एक जोडी, आणि ती फक्त तुमची. तुम्ही बोलत असाल तोवर त्या वाटेवर दुसरे कोणी येत नसे. दूरचा फोन लावायचा तर ट्रंक कॉल नोंदवून बसावे लागे. साधा, अर्जंट, लाइटनिंग असे त्याचे दर. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली, तिने खेड्यांसाठी १२८ लाइनचे, वातानुकूलन न लागणारे छोटे एक्स्चेंज तयार केले आणि मग गावोगाव एस.टी.डी.च्या पिवळ्या पाट्या लागल्या. पण तारेची जोडी ज्याची त्याचीच राहिली.

नव्या फोनला अशी स्वतःची वाट नाही. तो तुमचा आवाज आकड्यांत मोजतो आणि कार्यालयातल्या संगणकांना जे इंटरनेट येते त्यावरूनच पाठवतो. मोजतो म्हणजे कसा? एका सेकंदात ८,००० वेळा आवाजाचे माप घेतो आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहितो. आठ गुणिले आठ हजार, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट, किंवा ६४ किलोबिट. हे माप काही नवे नाही. जी-७११ नावाने ते १९७२ सालीच जगभरासाठी ठरले.

आता हे आकडे सुटे पाठवता येत नाहीत. सेकंदाचे पन्नास तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा एका पाकिटात घालायचा. म्हणजे एका पाकिटात आवाजाचा माल १६० बाइट. पण पाकिटावर पत्ता हवा, अनुक्रमांक हवा, कोणत्या वेळचा तुकडा ते हवे. हा सगळा मजकूर ४० बाइटचा. शिवाय कार्यालयातल्या तारेवरून जायचे तर आणखी १८ बाइटचे वेष्टण. असे पाकीट झाले २१८ बाइटचे. एका बाइटला आठ बिट आणि सेकंदाला पन्नास पाकिटे, म्हणून एका संभाषणाला ८७ किलोबिटच्या थोडे वर लागतात. हिशेबाला सोपे पडावे म्हणून शंभर धरा. शंभर जायला आणि शंभर यायला.

यापेक्षा काटकसरीची दुसरी पद्धत आहे. १९९६ साली आलेली ही जी-७२९ पद्धत आवाज पिळून फक्त ८ किलोबिटांत बसवते. मग लागणारी गती आठपटीने कमी व्हायला हवी, असे आम्हाला वाटले. काका म्हणाले, तसे होत नाही. माल २० बाइटचा झाला तरी पत्ता आणि वेष्टण तेवढेच, ५८ बाइट. एकूण ७८. म्हणजे ३१ किलोबिटच्या आसपास लागतातच.

हे ऐकताच आतापर्यंत गप्प बसलेले मुलीचे वडील एकदम बोलले, "म्हंजे मालापेक्षा बारदानच जड झालं का हो!"

काकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. उभी हयात पोती उचलणाऱ्या माणसाला जे एका क्षणात उमगले ते समजायला इतरांना कागद-पेन्सिल लागते. बाजार समितीत बारदानाचे वजन वजा करून भाव लावतात. इथे मात्र वाहतुकीचे भाडे बारदानासकट द्यावे लागते. फोन विकणारा 'आमचा फोन आठ किलोबिटात चालतो' असे सांगू लागला तर त्याला विचारावे, बारदान धरून का सोडून?

तर मग दहा फोनांच्या कार्यालयाला किती गती हवी? दहाही फोन एकाच वेळी चालू राहिले तरी एक मेगाबिट. तसे सहसा होत नाही. चार-पाच चालतात, म्हणजे अर्धा मेगाबिट. एवढेच. आवाज अगदी स्वच्छ, भरदार येणारी एक पद्धत आहे, जी-७२२. जुना फोन आवाजाच्या फक्त ३,४०० पर्यंतच्या कंपनांना वाट देत असे, ही पद्धत ७,००० पर्यंत देते. तिलाही तेच ६४ किलोबिट पुरतात. त्यामुळे चांगल्या आवाजासाठी मोठा प्लॅन घ्या हे बोलणे निव्वळ विक्रीचे आहे. आणि बोलता बोलता एक खूणगाठ: प्लॅनच्या जाहिरातीत मेगाबिट असतात आणि संगणक फाइल उतरवताना मेगाबाइट दाखवतो. दोन्हींत आठपटीचा फरक. या घोळावर बऱ्याच दुकानदारांची चूल पेटते.

आता मुलीच्या कार्यालयात कनेक्शन होते १०० मेगाबिटचे. आमच्या हिशेबाने एक मेगाबिट पुरावा आणि तिथे शंभर! मग आवाज का तुटावा? फोन बसवणारा मुलगाही येऊन गेला होता. त्याने दुपारी चार वाजता मोबाइलवर गती मोजली, ९६ आली. 'स्पीड फर्स्ट क्लास आहे' असे लिहून, सही घेऊन गेला. त्या कागदामुळेच तर सगळा दोष पोरीच्या जिभेवर आला.

काकांनी विचारले, शंभर हे उतरायचे की चढायचे? कोणालाच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलीने बिल पाहून फोन केला. उतरायला शंभर, चढायला दहा. इथेच गोम होती. सिनेमा बघणाऱ्याला सगळे उतरवूनच घ्यायचे असते, म्हणून कंपन्या तो आकडा मोठ्या अक्षरात छापतात. फोनवर मात्र माणूस जेवढे ऐकतो तेवढेच बोलतो. त्याला दोन्ही वाटा सारख्या हव्यात. तुम्ही बोलता ते चढत्या वाटेने जाते, ऐकता ते उतरत्या वाटेने येते. चढती वाट तुंबली तर तुम्हाला समोरचा स्पष्ट ऐकू येईल आणि समोरच्याला तुम्ही तुटक. अगदी तिच्यासारखे.

तरीही, दहा मेगाबिट काही थोडे नाहीत. अर्ध्या मेगाबिटाच्या बोलण्याला दहाची वाट कशी कमी पडेल? काकांनी तिला एक वही घालायला सांगितली. रोज तक्रार आली की वेळ लिहायची, दुसरे काही नाही. आणि तक्रार आली की लगेच शेजारच्या टेबलावरच्या फोनला आतल्या आत फोन लावून आपला आवाज कसा येतो ते विचारायचे.

नऊ दिवसांनी वही घेऊन ती आली. तक्रारी जवळजवळ साऱ्या सकाळी ११ ते १२.३० या दीड तासातल्या. दहा वाजता तीच मुलगी, तोच फोन, तेच उच्चार, आणि तक्रार नाही. दुपारी तीनला नाही. आणि आतल्या आत लावलेला फोन अकरा वाजताही खणखणीत! म्हणजे फोन चांगला, तारा चांगल्या, मुलीचा आवाज चांगला. बिघाड दाराबाहेर पडण्याच्या जागी.

अकरा वाजता काय होते? कार्यालयात चार कॅमेरे आहेत. त्यांचे चित्र दिवसभर बाहेर साठवायला जाते, प्रत्येकी दोन मेगाबिट, म्हणजे आठ. दहातले आठ तिथेच गेले. उरलेल्या दोनात फोनांचा अर्धा मेगाबिट आरामात बसे. पण रोज अकरा वाजता आदल्या दिवशीच्या कागदपत्रांच्या प्रती मुख्य कार्यालयाला जायला लागत, एक जीबीच्या आसपास. ही प्रत पाठवणारी यंत्रणा सभ्य नसते. वाट मिळेल तेवढी व्यापते. दीड तास ती उरलेली सगळी जागा अडवून बसे.

मलकापूरहून बुलढाण्याला राजूर घाटाने गेलेल्यांना हे लगेच कळेल. घाटात पुढे दोन भरलेले ट्रक कण्हत चढत असले की मागची एस.टी. कितीही चांगली असो, तिला ट्रकच्याच चालीने जावे लागते. खाली मलकापूरचा रस्ता किती रुंद आहे याने घाटात काही फरक पडत नाही.

आणि आवाजाच्या पाकिटांची अडचण अशी की त्यांना उशीर चालत नाही. कागदाची प्रत पाच मिनिटे उशिरा पोचली तर कोणाचे काही बिघडत नाही. पण 'मुदत ठेव' या शब्दातला 'मु' वेळेत पोचला आणि 'दत' मागे राहिला, तर मागून आलेला 'दत' फोन फेकूनच देतो. कारण त्याची जागा निघून गेलेली असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने यासाठी मर्यादा सांगितली आहे: तोंडातून कानापर्यंत एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. हजार मिलिसेकंदांचा एक सेकंद होतो, म्हणजे सेकंदाच्या सातव्या हिश्शाहूनही थोडा जास्त वेळ. पाकिटांच्या येण्यातला मागेपुढेपणा ३० मिलिसेकंदांच्या आत आणि हरवणारी पाकिटे शंभरात एकाहून कमी, असे या धंद्यातले लोक धरून चालतात. प्लॅनच्या जाहिरातीत यातला एकही आकडा छापलेला नसतो.

काकांनी मुलीला संगणकावर 'पिंग' करायला शिकवले. एक छोटा संदेश बाहेर जाऊन परत यायला किती वेळ लागतो तेवढेच हा दाखवतो. सकाळी दहाला तो आकडा ३० मिलिसेकंद होता. सव्वाअकराला ४०० च्या वर गेला. तिने दोन्हींचे कागद छापून घेतले. वहीत लावले.

साहेबांपुढे जायला ती घाबरत होती. आम्ही सांगितले, माझे उच्चार चांगले आहेत असे म्हणायला जाऊ नको. वही पुढे ठेव आणि गप्प राहा. तिने तसेच केले. साहेबांनी पाने उलटली, फोन बसवणाऱ्याला बोलावले. या वेळी तो अकरा वाजता आला.

दुरुस्तीला एक रुपयाही लागला नाही. कागदपत्रांच्या प्रती आता संध्याकाळी सातनंतर जातात. शिवाय राऊटरमध्ये आवाजाच्या पाकिटांना पहिला मान दिला. तशी सोय मुळातच असते. फोन आपल्या प्रत्येक पाकिटावर ४६ या आकड्याची खूण टाकू शकतो, आणि ती खूण ओळखून राऊटरने त्याला रांगेत पुढे घ्यायचे असते, रुग्णवाहिकेला वाट द्यावी तसे. पण राऊटरला ते सांगावे लागते आणि बसवणाऱ्याने सांगितलेले नव्हते. यातली आणखी एक खुबी काकांची. चढती वाट दहाची असली तर राऊटरमध्ये ती नऊचीच आहे असे नोंदवायचे. म्हणजे गर्दी झाली तर रांग आपल्या दारात लागते, जिथे कोणाला पुढे काढायचे ते आपल्या हातात असते. दहाच ठेवले तर रांग कंपनीच्या डब्यात लागते, आणि तिथे आपल्या खुणेला कोणी विचारत नाही.

साहेबांनी माफी मागितली का, असे आमच्या घरात सगळ्यांनीच विचारले. नाही. "ठीक आहे, आता चालतंय" एवढेच म्हणाले. मुलीला तेवढ्यानेही बरे वाटले. आम्हाला वाटले नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

वाचकांतले कोणी म्हणतील, पतसंस्थेचे ठीक आहे, सरकारी कार्यालयांचे काय? तर या फोनांचा मोठा पसारा सरकारनेही मांडला. मार्च २००५ मध्ये केंद्राने राज्यव्यापी जाळ्यांची योजना मंजूर केली, खर्च ३,३३४ कोटी रुपये. राज्याचे मुख्यालय, तिथून जिल्हा, जिल्ह्यातून तालुका असे जोडायचे आणि माहिती, आवाज व चित्र तिन्ही त्यावरून न्यायची. प्रत्येक दुव्याची किमान गती ठरली २ मेगाबिट. आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे तालुके तेरा. सिंदखेड राजा असो, लोणार असो की पार सातपुड्याच्या पायथ्याचे संग्रामपूर, योजनेने ठरवलेले किमान माप तेच.

वर शिकलेला हिशेब इथे लावून पाहा. २ मेगाबिट भागिले ८७ किलोबिट, म्हणजे बावीस-तेवीस संभाषणे, तीही दुसरे काहीच चालू नसताना. पण त्याच वाटेने तहसीलचे सगळे संगणक बोलणार, आणि मंत्रालयातून चित्रसभा लागली की तिलाच अर्धा ते एक मेगाबिट हवा. मग उरते काय? म्हणून अशा जाळ्यांत काटकसरीची पद्धत आणि आवाजाला पहिला मान या दोन्ही गोष्टी चैनीच्या नव्हत्या. त्या नसत्या तर चित्रसभेच्या दिवशी तालुक्याचा फोन मुका झाला असता.

पुढे ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींना काचेच्या तंतूने जोडण्याची योजना मंजूर झाली. २०१५ साली तिचे नाव भारतनेट झाले. अडीच लाख ग्रामपंचायती, प्रत्येकीला १०० मेगाबिट. आमच्या हिशेबाने एका पंचायतीत एकाच वेळी हजार माणसे फोनवर बोलू शकतील! पंचायतीत फोन एक आणि त्यावर बोलणारा ग्रामसेवक एक. म्हणजे गतीचा तुटवडा नाहीच. तुटते ती केबल, रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राच्या दाताखाली. आणि जाते ती वीज. १ एप्रिल २००२ पासून आपल्या देशात इंटरनेटवरून बोलायला मर्यादित परवानगी मिळाली आणि २०१८ साली साध्या क्रमांकांना असे फोन लावण्याची वाट मोकळी झाली, पण विजेचे काय करायचे ते कोणत्याच परवान्यात लिहिलेले नाही.

विजेवरून काकांना जुने दिवस आठवले. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षे आपण सगळ्यांनी काढली आहेत. तासन् तास अंधार. तरी त्या अंधारात लँडलाइन वाजायचा. कारण फोनला लागणारी ४८ व्होल्टची वीज त्याच तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांकडून येई. घरात दिवा नाही पण फोन आहे, अशी ती मौज होती. नव्या फोनलाही नेटवर्कच्या तारेतूनच साधारण तेवढ्याच व्होल्टची वीज देता येते, २००३ साली तसे मानक ठरले, एका फोनला १५.४ वॉटपर्यंत. पण ती येते कार्यालयातल्या स्विचमधून. कार्यालयाची वीज गेली की स्विच गेला, राऊटर गेला, इंटरनेटचा डबा गेला आणि दहाही फोन एका क्षणात गेले. एखाद्याला चक्कर आली आणि १०८ ला फोन लावायचा झाला तर? म्हणून या तीन डब्यांना यूपीएस लावलाच पाहिजे आणि कार्यालयात एक साधा मोबाइल चार्ज करून ठेवला पाहिजे. संगणकाला यूपीएस देतात आणि स्विचला विसरतात, असे काकांनी किती ठिकाणी पाहिले म्हणे.

तारांचे काम घेणाऱ्या मुलांसाठीही काकांनी दोन गोष्टी सांगितल्या. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर, त्यापुढे ओढू नये, मालक कितीही म्हणाला तरी. आणि पुष्कळ ठिकाणी भिंतीतली तार आधी फोनला आणि फोनमधून पुढे संगणकाला देतात, एक तार वाचते म्हणून. तसे करायला हरकत नाही. पण फोनचे भोक १०० मेगाबिटचे असेल तर संगणकालाही शंभरच मिळतील, मागे हजारांचा स्विच असला तरी. हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर संगणक हळू चालतो म्हणून दोष पुन्हा तार ओढणाऱ्यावर.

मुलगी नोकरीवर आहे. आईने सांगितले, आरशापुढे उभे राहणे बंद झाले. मेहकरकडच्या एक आजी दर महिन्याला ठेवीचे व्याज विचारायला फोन करतात. या महिन्यात त्यांनी विचारले, "माय, तू तीच हायेस का दुसरी आली? आज तं चांगलं आयकू येऊन राह्यलं." ती म्हणाली, "आजी, मी तीच आहे."

वही तिने अजून चालू ठेवली आहे. मागच्या रविवारी आम्ही पाहिली. दोन महिन्यांत तीन नोंदी. शेवटची शनिवारची, ११.४० ची: 'सगळे फोन बंद. कारण, वीज गेली.' त्याखाली तिने लिहिले आहे की स्विच आणि राऊटरसाठी यूपीएसची लेखी मागणी केली. त्यावर साहेबांची सही अजून व्हायची आहे.